बर्फातून वाळवंटात निघालेल्या लेकीसाठी

'ताई, नमस्कार. मी नेरूळला राहते, वय ६४. मुलगी आणि जावई नऊ वर्षांपासून अमेरिकेत मिनेसोटा राज्यात, मिनिआपोलिसजवळ राहतात. पाच वर्षांचा नातू तिथलाच. आता जावयांना ॲरिझोनात, फिनिक्सजवळच्या चँडलरमध्ये नोकरी मिळाली आहे. १ जुलैला रुजू व्हायचं आहे. मुलगी म्हणते, "आई, घर लावायला आणि पिल्लूला सांभाळायला तू जूनअखेर ये. तिथे पंचेचाळीस डिग्री असतं, पण आपण नवी मुंबईचे, आपल्याला उन्हाचं काय नवल? शिवाय तिथे घामच येत नाही." मला रक्तदाबाची गोळी चालू आहे, तिच्यात लघवीवाटे पाणी काढणारं औषधही आहे. नाही म्हटलं तर ऐन गरजेला आई आली नाही, असं होईल. नातवाला मात्र एकच काळजी आहे. रोज फोनवर विचारतो, "आजी, तिकडे बर्फ कुठे ठेवतात?" मी जाऊ की नको? आणि मुलीला काय सांगू?'
— एक आई, नेरूळ

ताई, नमस्कार.

नातवाचा प्रश्न वाचून मी तिथेच थांबले. त्याचं उत्तर माझ्याकडे आहे, पण ते शेवटी सांगते. आधी तुमचं बोलू.

जूनअखेर जाऊ नका. ऑक्टोबरच्या मध्यावर जा आणि मार्चपर्यंत निवांत राहा. हे मी ऐकीव गोष्टींवरून सांगत नाही. २०१८ च्या जूनमध्ये मी याच भागात, चँडलरला लागून असलेल्या मेसा शहरात, धाकट्या जावेकडे गेले होते. तुमची लेक आज जे म्हणते आहे तेच मी तेव्हा म्हणत होते, फक्त गावाचं नाव वेगळं होतं. मी जन्माने अकोल्याची. मे महिन्यातल्या पंचेचाळीस डिग्रीत लहानाची मोठी झाले. मला कसलं ऊन दाखवता, असं मी जावेला फोनवर म्हटलं होतं.

पोचल्याच्या चौथ्या दिवशी सकाळी अकराला मी टपाल आणायला बाहेर पडले. तिकडे बऱ्याच वसाहतींत टपाल दाराशी येत नाही, गल्लीच्या टोकाला सगळ्यांच्या पेट्या एकत्र असतात. जेमतेम दोनशे पावलं. डोक्यावर पदर नाही, हातात पाणी नाही. जाताना अगदी बरं वाटत होतं. आपल्याकडे एप्रिलमध्ये स्टेशनपर्यंत चालत गेलं तरी कपडे पाठीला चिकटतात, तसलं काही नाही, अंग कोरडं. पेटीत चावी घातली तर कुलपाने बोटाला चटका दिला. परत फिरले आणि गल्लीतली सगळी घरं सारखीच दिसू लागली. आपलं कुठलं ते कळेना. तोंडाला कोरड पडली, डोकं हलकं झालं, आणि मी कुणाच्या तरी गॅरेजच्या सावलीत भिंतीला टेकून खाली बसले. त्या घरच्या बाईंनी पाणी दिलं, मानेवर ओला टॉवेल ठेवला, जावेला बोलावून आणलं.

घरी आल्यावर जावेने माझा काळा कुर्ता पाठीमागून दाखवला. त्यावर पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या, समुद्रात भिजून वाळलेल्या कपड्यावर उमटतात तशा. ते मीठ होतं. घाम येत होता, भरपूर येत होता, पण मला जाणवायच्या आत हवा तो पिऊन टाकत होती.

म्हणून तुमच्या पत्रातलं 'तिथे घामच येत नाही' हे वाक्य वाचून माझ्या पोटात गोळा आला. लेकीची ही समजूत आधी काढा. मी लग्न होऊन ठाण्याला आले तेव्हा माहेरचा माठ सोबत आणला होता. अकोल्यात त्यातलं पाणी दात शिवशिवतील इतकं गार व्हायचं. पाचपाखाडीच्या स्वयंपाकघरात तोच माठ बाहेरून नुसता ओला राहायचा आणि पाणी जेमतेम गार. माठ पाझरतो, ते पाणी हवेत उडतं आणि जाताना माठातली उष्णता घेऊन जातं. खाडीकाठची आपली हवा ओलीने आधीच भरलेली असते, तिच्यात आणखी पाणी शिरायला वाव नसतो. माणसाचं अंगही माठासारखंच. इथे घाम वाळत नाही, चिकचिक होते, जीव नकोसा होतो, आणि म्हणूनच आपण वेळेवर पंख्याखाली येऊन बसतो. वाळवंटात ही चिकचिक नसते. माणूस चालत राहतो, आणि अंगातलं पाणी किती गेलं हे त्याला चक्कर आल्यावर कळतं.

नुसता आकडा बघून ऊन मोजू नये, हे नवी मुंबईच्या माणसाला वेगळं सांगायला नको. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात भरदुपारी लाखो लोक उघड्यावर बसले होते. पारा चाळिशीच्या आतच होता, तरी उष्माघाताने १४ जीव गेले. फिनिक्समध्ये तर आकडाही वेगळा आणि उन्हाची जातही वेगळी. तिथला आजवरचा उच्चांक ५० अंशांचा आहे, २६ जून १९९० चा. २०२३ साली ३० जूनपासून ३० जुलैपर्यंत सलग ३१ दिवस पारा रोज ४३ च्या वर गेला, आणि त्या भीषण उन्हाळ्याच्या वर्षात फिनिक्स ज्या मॅरिकोपा काउंटीत येतं तिथे ६४५ मृत्यू उन्हाशी संबंधित म्हणून नोंदले गेले. तुमचा जावई ज्या तारखेला रुजू होणार आहे, तो त्या ३१ दिवसांतला दुसरा दिवस होता.

आता 'आपण नवी मुंबईचे' याबद्दल. शरीराला जन्मगाव ठाऊक नसतं. त्याला गेले काही आठवडे ठाऊक असतात. रोज थोडं थोडं ऊन मिळालं की आठवडा ते दोन आठवड्यांत शरीर शिकतं. घाम लवकर सुटायला लागतो, त्यातून मीठ कमी जातं, अंगातल्या रक्तात पाण्याचा अंश वाढतो. पण ऊन सुटलं की हे शिकलेलं थोड्याच आठवड्यांत पुसलं जातं. तुमच्या लेकीचं नेरूळचं ऊन नऊ हिवाळ्यांपूर्वीच पुसलं गेलंय. नातवाला ते कधी लागलंच नाही. माझं अकोलाही ठाण्यात कधीचं विरून गेलं होतं, फक्त मला ते कळलं नव्हतं. तुमच्या बाबतीत दोन गोष्टींची भर पडते. वय वाढलं की तहान उशिरा लागते आणि घामही कमी सुटतो. त्यात तुमची गोळी अंगातलं पाणी काढणारी. गोळी स्वतःहून बंद करू नका किंवा अर्धी करू नका, ऑक्टोबरात जायच्या आधीही डॉक्टरांना गोळीचं पाकीट दाखवून विचारा. जूनमध्ये, चाळीस-पंचेचाळीस डिग्रीत, नव्या घरात, खोकी उचलत, लहान मुलामागे धावत हा प्रयोग करू नये, असं मला कळकळीने वाटतं.

मग लेकीला सांगायचं काय? तिला म्हणा, नेरूळचा उन्हाळा विसर आणि मिनेसोटाचा हिवाळा आठव. या एका वाक्यात तिला लागणारं जवळजवळ सगळं आहे.

नऊ वर्षं ती कशी जगली, तिचं तिलाच विचारा. ३० जानेवारी २०१९ ला मिनिआपोलिसमध्ये पारा उणे ३३ पर्यंत उतरला होता. ती तेव्हा तिथेच होती. त्या दिवशी 'मी काटक आहे' म्हणत कोणी स्वेटरवर बाहेर पडलं नसेल. तिथे माणूस उठल्यावर आधी बाहेरचा अंदाज बघतो, मग दिवस ठरवतो. गाडीत ब्लँकेट, फावडं, टॉर्च असतं, कारण रस्त्यात गाडी बंद पडली तर मदत येईपर्यंत तग धरायचा असतो. घर तापवणारी भट्टी बंद पडली तर 'उद्या बघू' म्हणत नाहीत, त्याच रात्री माणूस बोलावतात. शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याला फोन करून विचारतात. डाउनटाउनमध्ये एका इमारतीतून दुसरीत काचेच्या बंद पुलांवरून जातात, रस्त्यावर उतरत नाहीत. आणि हे सगळं कुणी घाबरून करत नाही, ती तिथली रीतच आहे.

फिनिक्सचा उन्हाळा म्हणजे हाच हिवाळा, उलटा केलेला. जून ते सप्टेंबर घर, गाडी आणि एसी असलेली ठिकाणं. बाहेरची कामं सूर्य उगवायच्या आधी, कारण जुलैत सूर्यास्तानंतरही रस्ते आणि भिंती तापलेल्या असतात आणि कित्येक रात्री पारा तिशीच्या खाली येतच नाही. गाडीत ब्लँकेटच्या जागी पाणी: माणशी दोन-तीन बाटल्या, एक छत्री, टोपी, फोनचा चार्जर. बंद पडलेला एसी म्हणजे बंद पडलेली भट्टी. तिथे उन्हाने घरात दगावलेल्या कितीतरी लोकांकडे एसी होता, पण तो चालत नव्हता. म्हणून एसी गेला तर त्या रात्री कुणाकडे किंवा कुठल्या हॉटेलात जायचं, हे पहिल्या आठवड्यातच ठरवून ठेवायला सांगा. पंख्यावर विसंबू नका. पारा चाळिशीपार गेला की पंखा गरम हवाच अंगावर मारतो आणि शरीर आणखी तापतं. नेरूळची सवय म्हणजे आधी पंख्याचं बटण, पण तिथे ती उपयोगाची नाही.

घर भाड्याने घेताना तिची नजर नवी मुंबईची असणार, म्हणजे हवा खेळती हवी, पश्चिमेला मोठी खिडकी हवी, गॅलरी हवी. तिथे या तिन्ही गोष्टी उन्हाळाभर बंद राहतात. पश्चिमेची काच तर दुपारी तीननंतर खोलीची भट्टी करते. अकोल्याला आमची आजी सकाळी नवाच्या आत सगळ्या खिडक्या लावून घ्यायची आणि दाराला वाळ्याच्या ताट्या सोडून त्यांवर पाणी मारायची. घर अंधारं व्हायचं, पण गार राहायचं. तेच शहाणपण तिथे चालतं: जाड पडदे सकाळीच ओढायचे. घरमालकाला दोन प्रश्न विचारायला सांगा, एसी किती वर्षांचा आहे आणि गेल्या जुलै-ऑगस्टचं विजेचं बिल किती आलं. गाडीला छप्पर असलेली जागा हवीच. काही जुन्या घरांत पाण्याचे कूलर असतात. कोरड्या जूनमध्ये ते छान चालतात, पण जुलैत हवेत ओल आली की हात टेकतात. आपल्या विदर्भातही पहिला पाऊस पडला की कूलरची हीच गत होते.

नळाचं सांगायचं राहिलं. जुलैत थंड पाण्याच्या नळालाही कोमटच्या वर तापलेलं पाणी येतं, कारण पाइप तापलेल्या जमिनीतून आलेले असतात. नातवाला आंघोळ घालताना, बागेतल्या नळीने खेळवताना आधी पाणी हातावर घेऊन बघायचं. उन्हात पडलेल्या नळीतलं पहिलं पाणी तर भाजेल इतकं कढत असतं.

पोराची काळजी मोठ्यांहून वेगळी घ्यावी लागेल, कारण त्याची सगळी सवय बर्फाची आहे. बाहेर म्हणजे मजा, आणि अंगावर जाड कपडे असले की सगळं ठीक, एवढंच त्याला माहीत. डांबरी रस्ता, घसरगुंडीचा पत्रा, गाडीच्या पट्ट्याचं धातूचं बक्कल या तीन गोष्टींनी लहान मुलांची कातडी क्षणात भाजते. बूट घातल्याशिवाय दाराबाहेर पाऊल नाही, हे पहिल्या दिवसापासून. बंद गाडीत त्याला मिनिटभरही ठेवायचं नाही. दहा मिनिटांत आतलं तापमान अकरा अंशांनी चढू शकतं. घरामागे पोहण्याचा तलाव असेल तर चारी बाजूंनी कुंपण आणि आपोआप लागणारं फाटक असल्याशिवाय ते घर घेऊच नका, कितीही स्वस्त मिळालं तरी. पहिल्या काही दिवसांत कोरड्या हवेने त्याचा घोळणा फुटण्याचा संभव आहे. घाबरू नका. पुढे वाकवून बसवायचं, नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत धरायचा, डोकं मागे टाकायचं नाही.

पाणी तहान लागण्याची वाट न बघता, घोट घोट. घरात ताक, लिंबाचं सरबत असू द्या. कैरी मिळाली तर पन्हं. (मिठाचं प्रमाण मात्र तुम्ही डॉक्टरांना विचारून ठरवा, रक्तदाबाला ते सोसलं पाहिजे.) सगळ्यात सोपी खूण आपल्या आयांनी शिकवलेलीच आहे: लघवी कमी आणि गडद झाली, उन्हाळी लागल्यासारखी जळजळ झाली, म्हणजे पाणी कमी पडतंय. चक्कर, मळमळ, पायात गोळे आले तर गार जागी झोपवून पाणी पाजा. पण माणूस असंबद्ध बोलायला लागला, ओळख विसरला किंवा बेशुद्ध झाला आणि अंग तापाने फणफणलं तर तो उष्माघात. लगेच ९११ ला फोन करायचा, आणि मदत येईपर्यंत अंगावर पाणी ओतत राहायचं, मानेला, काखेत, जांघेत बर्फ लावायचा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालायचं नाही. खिशात कांदा ठेवायची आमच्याकडची रीत मला प्रिय आहे, आजीची आठवण येते म्हणून आजही मी ठेवते. पण कांदा ठेवला म्हणजे पाणी राहिलं तरी चालेल, असं कुणी समजू नये.

प्रवासाबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही, पण गाडीने जाणार असतील तर हे नक्की सांगा. रस्ता अडीच हजार किलोमीटरच्या वर आहे, आणि कोलोरॅडो किंवा न्यू मेक्सिकोवरून उतरत फ्लॅगस्टाफमार्गे आले तर शेवटचा टप्पा विलक्षण आहे. फ्लॅगस्टाफ सुमारे सात हजार फुटांवर, पाइनच्या जंगलात. तिथून सव्वादोन-अडीच तासांत गाडी हजार फुटांवरच्या फिनिक्सला उतरते आणि हवा पंधरा-सोळा अंशांनी तापते. आधीच्या रात्री फ्लॅगस्टाफला मुक्काम करावा आणि पहाटे निघून ऊन चढायच्या आत घरी पोचावं. निघण्यापूर्वी बॅटरी तपासून घ्यावी, कारण थंडीपेक्षाही उष्णता बॅटरीला लवकर संपवते. बर्फासाठी घातलेले मऊ रबराचे टायर काढून नेहमीचे घालावेत. सामानाच्या ट्रकमध्ये औषधं, मेणबत्त्या, तुपाचे डबे, स्प्रेचे डबे ठेवू नयेत. औषधं तर गाडीतही सोडू नयेत, स्वतःजवळ बाळगावीत.

जुलैच्या सुमारास तिथेही मान्सून येतो, आणि तिथले लोकही त्याला मान्सूनच म्हणतात. लेकीला हा शब्द ऐकून बरं वाटेल, पण आपल्या पावसाशी त्याची गाठ घालू नका. अख्ख्या वर्षात तिथे जेवढा पाऊस पडतो तेवढा नेरूळमध्ये जुलैच्या एखाद्या मुसळधार दिवसात पडून जातो. आधी धुळीची भिंत येते, आकाशाएवढी उंच, समोरची गाडी दिसेनाशी करणारी. गाडी रस्त्यापासून शक्य तितकी दूर घेऊन थांबवायची, सगळे दिवे बंद करायचे, हँडब्रेक लावायचा आणि ब्रेकवरचा पाय काढायचा. मागचा दिवा पेटलेला दिसला तर मागून येणाऱ्याला तो चालता रस्ता वाटतो आणि तो येऊन आदळतो. मग पाऊस. एरवी कोरडेठाक असलेले ओढे काही मिनिटांत भरून वाहतात. आपल्याला ठाण्या-मुंबईत गुडघाभर पाण्यातून गाडी काढायची सवय आहे. ती सवय तिथे सोडायची. पाऊस थांबल्यावर मात्र दार उघडून उभं राहायला सांगा. क्रिओसोट नावाच्या तिथल्या झुडपांचा एक कडवट, औषधी वास सगळ्या गावभर पसरतो. मृद्गंधाला तो पर्याय नाही, पण मी त्या चार महिन्यांत त्याच्यावर जीव लावून बसले होते.

विंचू असतात. रात्री अनवाणी फिरू नये, बूट झटकून घालावेत. निळसर अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली ते चमकतात, एक टॉर्च घरात असावा. आणि तिथल्या मातीत एक बुरशी असते, धुळीबरोबर श्वासात गेली की काही आठवड्यांनी ताप, खोकला, थकवा येतो. तिथे त्याला व्हॅली फीव्हर म्हणतात. एकाकडून दुसऱ्याला होत नाही. खोकला रेंगाळला तर डॉक्टरांना 'आम्ही नुकतेच इथे राहायला आलो' हे आवर्जून सांगावं. तुम्ही परत आल्यावर नेरूळच्या डॉक्टरांनाही सांगा, नाहीतर त्यांच्या मनात हे येणारच नाही.

या सगळ्याहून मला एका गोष्टीची जास्त काळजी वाटते, आणि ती तुमच्याशिवाय तिला कुणी सांगणार नाही. नव्या गावात माणूस ओळखी करतो ते बाहेर पडून, बागेत, फेरफटक्यात. तुमची लेक पोचणार आहे ती नेमक्या त्या महिन्यांत, जेव्हा सगळं गाव दारं लावून बसलेलं असतं. रस्ते ओस, बागा ओस, शेजारी फक्त गॅरेजचं दार उघडताना दिसणार. नवरा नव्या नोकरीत गुंतलेला. 'इथले लोक माणूसघाणे आहेत', 'आपण चूक केली' असं तिला ऑगस्टमध्ये वाटेल. माझी जाऊ पहिल्या उन्हाळ्यात रोज रडायची, हे तिने मला कितीतरी वर्षांनी सांगितलं. मिनेसोटातही पहिल्या जानेवारीत तुमच्या लेकीला असंच वाटलं असेल आणि एप्रिलमध्ये तेच शेजारी बर्फ वितळल्यावर गप्पा मारायला बाहेर आले असतील. इथे तो एप्रिल ऑक्टोबरात येतो. तेवढे तीन महिने ग्रंथालयं, बंदिस्त तलावातले पोहण्याचे वर्ग, मराठी मंडळींची घरं धरून काढायचे. आणि तोपर्यंत गाव, घर, नोकरी यांबद्दल कुठलाही कायमचा निकाल करायचा नाही.

इथेच तुमची खरी गरज आहे ताई, आणि त्यासाठी जुलैत विमानात बसावं लागत नाही. ॲरिझोनाचा बहुतेक भाग घड्याळ पुढे-मागे करत नाही, त्यामुळे तुमच्यात आणि चँडलरमध्ये बाराही महिने साडेबारा तासांचंच अंतर राहील. नेरूळला सकाळचे साडेआठ वाजतात तेव्हा तिथे आदल्या रात्रीचे आठ वाजलेले असतात, म्हणजे नातवाची झोपायची वेळ. रोज साडेआठला चहाचा कप घेऊन बसा आणि त्याला गोष्ट सांगा. लेकीला अर्धा तास मोकळा मिळेल आणि दिवसातून एकदा आईचा आवाज घरात येईल. शाळेचंही विचारून घ्या. मिनेसोटात शाळा सप्टेंबरात उघडतात, चँडलरच्या भागात बऱ्याच शाळा जुलैअखेरीस किंवा ऑगस्टच्या सुरुवातीलाच. म्हणजे त्याला सांभाळायचा प्रश्न तीन-चार आठवड्यांचा आहे. तुम्ही तिकिटाचे पैसे वाचवून सामान लावणाऱ्या माणसांसाठी आणि मुलांच्या उन्हाळी वर्गासाठी दिलेत तर मदत तुमचीच झाली.

बोलताना 'मला झेपणार नाही' पासून सुरुवात करू नका, ते ती मनावर घेणार नाही किंवा उगाच दुखावेल. म्हणा, 'मी येते आहे, तिकीट ऑक्टोबरचं काढते. तू दमलेली असशील तेव्हा मी ताजी असेन.' आणि तिकीट खरंच काढा, नुसतं बोलू नका. तारीख हातात असली की तिला दिवस मोजता येतात. ऑक्टोबरात दुपारी अजून तिशीच्या पुढे असेल, नोव्हेंबरपासून तिथली हवा म्हणजे आपल्याकडे वर्षातून चार दिवस लाभते तशी. आणि स्वेटर, शाल बरोबर न्या. जानेवारीत पहाटे पारा सात-आठवर उतरतो. नेरूळच्या मानाने ती चांगलीच थंडी आहे.

आता पिल्लूचा प्रश्न. त्याला सांगा, तिकडे बर्फ उंचावर ठेवतात, फ्लॅगस्टाफ नावाच्या गावात. हे खरं आहे. त्या गावात दर हिवाळ्यात सरासरी शंभर इंचांच्या आसपास बर्फ पडतो, आणि चँडलरहून गाडीने ते अडीच-पावणेतीन तासांवर आहे. जून महिन्यात त्यांनी त्याच गावात रात्री मुक्काम केला तर आई त्याला दाखवू शकेल, बघ, ही ती जागा. त्याची बर्फावरची घसरगाडी लेक आता देऊन टाकायच्या विचारात असेल, तर तिला आजच फोन करा. ती ट्रकमध्ये ठेवायला सांगा. जानेवारीत तुम्ही तिथे असाल.